रिले लावणारे शहाणे

गाडीला जादा एअर हॉर्न बसवून घेणारे दोन तऱ्हेचे असतात. एक, डायरेक्ट मारणारा. कंपनीच्या हॉर्नचा कपलर उपटायचा, त्याच दोन वायरींना कॉम्प्रेसरची टोकं पीळ देऊन जोडायची, वर काळी टेप गुंडाळायची, झालं काम. दुसरा, रिले लावणारा. तो बॅटरीवरून जाड वायर आणतो, वाटेत फ्यूज घालतो, रिले बसवतो आणि डॅशबोर्डखाली हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही अशा जागी एक छोटा स्विच ठेवतो. पहिल्याचं वायरिंग एक ना एक दिवस जळतं आणि त्याला अद्दल आपोआप घडते. दुसऱ्याचं वायरिंग कधीच जळत नाही. माझा राग या दुसऱ्यावर आहे.

राग कशाला, काम तर चोख केलंय, असं धंद्यातले लोक मला म्हणतात. चोख केलंय म्हणूनच राग आहे.

कराडच्या अलीकडे, महामार्गाच्या सेवा रस्त्याला मी गाड्यांची वायरिंग करतो. सहापदरीकरणाची धूळ खात पिकअप येतात, ट्रॅक्टर येतात, वडाप येतात, लग्नाच्या हंगामात फुलांच्या माळांसकट नवरदेवाच्या गाड्याही येतात. हॉर्न बसवायला येणाऱ्यांना मी वाटेला लावतो, पण दुसऱ्यानं बसवलेला हॉर्न निस्तरायला येणाऱ्याला कसं लावणार? पोटाचा प्रश्न आहे. तेव्हा या विषयातली घाण मी रोज हातानं उपसतो. मला कुणी ध्वनिप्रदूषणावर व्याख्यान देऊ नये.

आधी विजेचा हिशेब. कंपनीचा साधा चकतीचा हॉर्न बारा व्होल्टवर तीन ते पाच अँपिअर खातो. बटणातले पॉइंट, बारीक वायर, फ्यूज, सगळं त्याच बेतानं दिलेलं असतं. एअर हॉर्नचा कॉम्प्रेसर म्हणजे चक्क मोटर. ती पंधरा-वीस अँपिअरच्या घरात जाते. एवढा करंट बारीक वायरीतून ओढला की वायर तापते आणि वाटेतच व्होल्टेज पडतं, त्यामुळं हॉर्न वाजतो तोही रडका. मालक म्हणतो, आवाज बसला राव. मग फ्यूज उडायला लागतो. मग दहाच्या जागी तीसचा फ्यूज येतो, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी येते. फ्यूज स्वतः जळून वायरीला वाचवत असतो. त्याला जळू दिलं नाही की वायर जळते, आणि वायर एकटी जळत नाही, शेजारणींना घेऊन जळते. मध्यंतरी एक पिकअप टोचन करून आणली होती. बॉनेट उघडलं तर हेडलाइटच्या, फॅनच्या, सेन्सरच्या वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या. हिरवी कुठली, निळी कुठली, ओळखू येईना. आणि त्या राखाडी गोळ्याच्या वर दोन लाल कर्णे, जसेच्या तसे, धुऊनपुसून ठेवल्यासारखे! मालकानं पहिला प्रश्न विचारला, "हॉर्न वाचलाय का बघा की." हा अडाणी माणूस. याच्यावर लेख काय लिहायचा?

आता शहाण्याकडे वळू.

रिले ही फार इमानदार चीज आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं तिची करामत दाखवली, तारायंत्रानं ती दूरवर नेली, आणि आज काडेपेटीपेक्षा लहान डबीत ती प्रत्येक गाडीत बसलेली असते. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यातून जेमतेम दीडदोनशे मिलिअँपिअर जातात, तेवढ्यावर लोखंडाचा चुंबक होतो, तो एक पत्री खेचतो, टक् होतं आणि जाड वायरीतला मोठा करंट सुटतो. बटणावर भार नाही, बारीक वायरीला ताप नाही. डबीच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. आकडे जर्मन मानकातले, पण आमच्याकडे शाळा सोडून आलेलं पोरगंही आठवड्यात पाढ्यासारखे म्हणतं: तीसवर बॅटरी, सत्त्याऐंशीवरून माल, पंच्याऐंशी-शहाऐंशी वेटोळं. हेडलाइटला रिले लावा, उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो. रेडिएटरच्या फॅनला आहे, डिझेलच्या पंपाला आहे, खुद्द कंपनीच्या हॉर्नलाही बहुतेक मोटारींत आहेच. या वस्तूबद्दल मला प्रेम आहे, आणि म्हणूनच तिला कुणी कुठल्या कामाला जुंपलं याची चीड येते.

पाच पायांचाही रिले मिळतो. मधल्या पायावर ८७ए लिहिलेलं असतं. वेटोळ्यात करंट नसताना वाट या मधल्या पायाकडे उघडी असते. करंट दिला की ती बंद होते आणि ८७ ची उघडते. शहाण्याची सगळी कारागिरी या मधल्या पायात आहे. स्टिअरिंगवरच्या बटणाचा करंट तो ३० वर घेतो. ८७ए वर कंपनीचा हॉर्न ठेवतो. ८७ वरून दुसरा, चार पायांचा रिले चालवतो आणि त्या दुसऱ्या रिलेवरून कॉम्प्रेसरला बॅटरीचा दमदार करंट देतो. पहिल्या रिलेचं वेटोळं लपवलेल्या स्विचवर. स्विच बंद असेल तर बटण दाबल्यावर सज्जनासारखं 'पीं'. स्विच चालू केला की तेच बटण, तोच अंगठा, आणि बाहेर कोयना एक्स्प्रेस.

ही रचना जरा निरखून बघा. भार उचलायला एक रिले पुरेसा होता. मग तो पाच पायांचा कशाला? तर नियम मोडल्याचं लपवायला. कॉम्प्रेसरच्या तांत्रिक गरजेत तो बसत नाही, पोलिसाच्या भीतीत बसतो. ज्या माणसानं हा पाच पायांचा रिले मागून घेतला त्याला कायदा ठाऊक आहे, चौक ठाऊक आहे, दंड ठाऊक आहे, आणि हा आवाज लोकांना नकोसा आहे हेही ठाऊक आहे. तो त्या सगळ्याचा विचार करूनच आलाय, आणि त्या विचाराचे त्यानं मिस्त्रीला पैसे मोजलेत. कोर्टात याहून स्वच्छ कबुलीजबाब कुठला मिळणार?

नवीकोरी गाडी घेऊन एक तरुण आला होता. नंबर प्लेटवर ४१४१, ते आकडे असे वळवलेले की लांबून 'दादा' वाचावं. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच.

"मिस्त्री, चौकात साधा वाजला पाहिजे. चौक सुटला की आपला."

"का? चौकात आपला लाजतो का?"

"तसं नाय ओ. मामा असत्यात तिथं."

"मग मामा नसतील तिथं तरी लोक असतीलच की."

यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी त्याला संस्कृतात काही विचारलंय. त्याच्या हिशेबात रस्त्यावर दोनच गोष्टी होत्या, तो आणि मामा. बाकीचे पुढून बाजूला व्हायचे होते, एवढंच. मी नाही म्हणालो. पुढच्या फाट्यावर त्यानं काम करून घेतलं. मला ते कळलं, कारण परत जाताना माझ्या दुकानासमोर गाडी हळू करून त्यानं तो वाजवून दाखवला. दुपारची वेळ. शेजारच्या रसवंतीवर एक बाई लेकराला रस पाजत होती. ते लेकरू जे कळवळून रडायला लागलं, त्याला गप्प करता करता बाईच्या नाकी नऊ आले.

दुकानदार या हॉर्नला तुतारी म्हणून विकतात. तुतारी आणि पिपाणी यांतला फरक आमच्या जिल्ह्याला २०२४ च्या लोकसभेतल्या निवडणूक चिन्हांच्या गोंधळानंतर नव्यानं सांगायला नको, पण ही दोन्हींपैकी काही नाही. खोक्यावर छापलेलं असतं '१५० डेसिबल'. ऑनलाइन मागवला तर '३००' सुद्धा छापलेलं मिळतं. ज्यानं ते छापलं त्याला कुणीतरी हलक्या हातानं कानाखाली वाजवून सांगावं की हवेत आवाजाची लाट १९४ डेसिबलच्या आसपास जाऊन थांबते; त्यापुढं तो आवाज राहत नाही, धक्का होतो, बॉम्बसारखा. ३०० डेसिबलचा हॉर्न खरोखर वाजला असता तर विकणारा, घेणारा आणि मी, तिघंही ही चर्चा करायला उरलो नसतो. पण गिऱ्हाईक खुशीत. आकडा मोठा आहे ना? बास.

डेसिबलची मोजणी घातांकाची असते हे एकदा डोक्यात शिरलं की पुढचं सोपं जातं. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली. कानाच्या आरोग्याचा हिशेब करणारे म्हणतात, ८५ डेसिबलमध्ये माणसानं दिवसाला आठ तास काढले तर चालतील, आणि त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आणि हायवेच्या पट्ट्यात रोज बारा तास गाडीत असणारा ड्रायव्हर? त्याचे स्वतःचे कान आधी जातात. मग त्याला कंपनीचा हॉर्न ऐकू येईनासा होतो, आणि तो माझ्याकडे येऊन म्हणतो, मिस्त्री, आजकालच्या हॉर्नात दम राहिला नाही. या माणसाशी काय वाद घालायचा?

कंपनीचा हॉर्न मुळात मुका नसतो. मानक सांगतं की गाडीच्या पुढं काही मीटरवर मोजला तर मोटारीचा हॉर्न ९३ डेसिबलच्या खाली नको आणि ११२ च्या वर नको. ९३ म्हणजे काही कुजबूज नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न इथल्या अंगठ्यांसाठी मुद्दाम कणखर करावे लागतात; ऑडीच्या इथल्या तेव्हाच्या प्रमुखांनी २०१२ मध्ये सांगितलं होतं की युरोपातला हॉर्न मुंबईत आठवडा-दोन आठवड्यांत राम म्हणेल, कारण जर्मन माणूस वर्षाला वाजवतो तेवढा इथं एका दिवसात वाजतो. म्हणजे हॉर्न आधीच घोड्यासारखा दिलाय. तरी यांना हत्ती हवा.

"घाटात लागतो ओ." हे ठरलेलं उत्तर. घाटात वळणावर हॉर्न द्यायचाच असतो, पाटीवर लिहिलेलंच असतं, आणि त्यासाठी कंपनीचा हॉर्न पुरतो. "म्हशी आडव्या येतात." म्हशीला १२० डेसिबल दिले तर ती बाजूला होते, असं ज्याला वाटतं त्यानं म्हैस जवळून पाहिलेली नाही. "दुचाकीवाले आरसेच लावत नाहीत." हे मात्र खरं आहे. कानात बोंडं घालून, आरसे काढून, इंडिकेटर न देता मधूनच वळणाऱ्यांनी ड्रायव्हरांचं डोकं फिरवलंय हे मी नाकारत नाही. पण दचकलेला माणूस काय करतो? खांदे आखडतात, हात आवळले जातात, आणि दुचाकीचं हँडल हातातच असतं. तुम्ही त्याला वाचवायला हॉर्न मारलात, तो तुमच्याच चाकाकडे वळला.

माणसाचं सोडा. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर बीडकडच्या टोळ्यांच्या बैलगाड्या अजून चालतात. कारखान्याकडे जाणारा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर डेकवर गाणी लावलेली, आणि बॉनेटवर चार नळ्यांचा कर्णा. दोन बैलांच्या शेपटीपाशी येऊन तो वाजवतो. उजवीकडचा बैल मान टाकून आत घुसतो, जू तिरकं होतं, ऊस एका अंगाला कलतो, आणि वर बसलेली गाडीवानाची बायको दोन्ही हातांनी दोर धरून ओरडते. गाडीवान उतरून बैलाच्या कपाळावर हात ठेवून उभा राहतो. ट्रॅक्टरवाला हसत पुढं. ट्रॅक्टरचा वेग ताशी वीसपंचवीस. त्या वेगाला रेल्वेच्या भोंग्याची गरज काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

जड गाड्यांची गोष्ट याहून वाईट. तिथं वेगळा कॉम्प्रेसर लागतच नाही, कारण ब्रेकसाठी हवेच्या टाक्या असतात. कंपनीनं विचार करून रचना केलेली असते: ब्रेकच्या टाक्या आधी, बाकीच्या चैनी नंतर. फाट्यावरचा मिस्त्री मात्र पान्याला जी नळी आधी लागेल तिला टी मारतो, पुढं एक व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हला रिले. मग ज्या हवेनं खंबाटकीचा घाट उतरायचा ती हवा टोल नाक्यावर कार्ट्यांना खूश करायला खर्च होते. इंडोनेशियात जावा बेटावर पोरं रस्त्याकडेला पाट्या धरून बसवाल्यांना 'तेलोलेत' असा हॉर्न वाजवायला सांगत, २०१६ मध्ये त्याची जगभर कौतुकं झाली. आपल्याकडेही सहलीची बस दिसली की पोरं हात हलवून वाजव वाजव करतात. कौतुक करणाऱ्यांना एकच विनंती, पुढच्या वेळी बसच्या आत बसून घाट उतरावा आणि डॅशवरच्या हवेच्या काट्याकडे बघत राहावं.

आता सरकारदरबारी. कायदा नाही म्हणून हे चाललंय, असं कुणी म्हणू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला ११९ वा नियम सांगतो की सुरांची मालिका काढणारा हॉर्न किंवा कर्कश, दचकवणारा आवाज करणारं कुठलंही यंत्र गाडीला बसवायचं नाही. सूट फक्त रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशांना. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्न नको म्हणून बजावलं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचं मानक मोडणारी गाडी चालवली तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. उगाच हॉर्न वाजवला तर १९४एफ खाली पहिल्यांदा हजार, पुन्हा सापडला तर दोन हजार. मालकानं गाडीत नको ते बसवून घेतलं तर १८२ए खाली प्रत्येक बदलाला पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. दात भरपूर आहेत, चावायचं नाही असं ठरलंय.

आणि चावायचं नाही म्हणून मग प्रबोधन करायचं. जानेवारी आला की रस्ता सुरक्षेचं अभियान. शाळेची पोरं उन्हात फलक धरून उभी, साहेब गांधीगिरी करत ड्रायव्हरांना गुलाबाचं फूल देतायत, फोटोग्राफर म्हणतोय जरा इकडे बघा. ज्या ट्रकवाल्याला फूल दिलं त्याच्या डॅशखाली पाच पायांचा रिले आहे. त्यानं फूल डॅशबोर्डवर गणपतीपुढं ठेवलं आणि चौक सुटल्यावर स्विच खाली केला. प्रबोधन अज्ञानावर चालतं. स्विच लपवणाऱ्याला कुठलं अज्ञान आहे? त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. तुमची ड्यूटी किती वाजता बदलते हेही तो सांगेल.

२०१५ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली, त्या अक्षरांमुळं लोक हॉर्न वाजवतात म्हणून. पेंटरच्या पोटावर पाय आला, हॉर्नवाल्याच्या केसालाही धक्का नाही. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीला काही सिग्नलवर मीटर बसवला: आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून. जाहिरात म्हणून फक्कड. व्हिडिओ देशभर फिरला, लोक हसले. पण वाजवणारा आणि गप्प बसलेला दोघंही त्याच लाल दिव्याखाली शिक्षा भोगत होते. मागून एकानं दाबायचं आणि पुढच्या चाळीस जणांनी थांबायचं, हा न्याय गावच्या शाळेतल्या गुरुजींकडून घेतलेला दिसतो. नितीन गडकरींनी २०२१ मध्ये नाशिकला आणि पुढंही सांगितलं की हॉर्नला बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम असे देशी वाद्यांचे सूर हवेत. साहेब, सिडकोच्या नाक्यावर शंभर गाड्या एकाच वेळी आपापली हार्मोनियम घेऊन बसल्या तर काय होईल याची कल्पना करून बघा. आवाज गोड नाही ही तक्रारच नव्हती. आवाज फार आहे, ही तक्रार होती.

केरळवाल्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळाच खेळ केला. जप्त केलेले एअर हॉर्न कोचीत रस्त्यावर अंथरले आणि वरून रोडरोलर फिरवला. बघायला मजा आली, खोटं कशाला बोलू? पण वायरमनच्या नजरेनं बघा. हॉर्न चिरडला, जाड वायर, फ्यूज, दोन्ही रिले, लपवलेला स्विच आणि कॉम्प्रेसरचा कपलर गाडीतच राहिले. नवा हॉर्न काही शे-हजार रुपयांत मिळतो आणि कपलर टोचायला एक मिनिट लागतं. आपल्याकडेही नाकाबंदीत पोलीस कर्णे काढून घेतात, पोतं भरून फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी तीच गाडी नव्या कर्ण्यानं. ज्यानं वायरिंग चोख केलंय त्याला हॉर्न ही हवा भरायची नळी असते, सुटा भाग. खरी गुंतवणूक रिलेत आहे आणि रिलेला कुणी हात लावत नाही.

पासिंगचं तर विचारूच नका. मालवाहू गाडी फिटनेसला न्यायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे फोन येतात: मिस्त्री, उद्या पासिंग आहे, हॉर्न उतरवून ठेवा, परवा येतो. मी उतरवतो आणि वायरिंगही मुळापासून काढतो, त्यावरून दोनदा दुकानासमोर भांडण झालंय. बाकीचे फक्त कर्णे उतरवतात. तपासणी करणारा स्टिअरिंगवरचं बटण दाबतो, 'पीं' होतं, खूण होते, गाडी पास. डॅशखाली हात घालायला कुणी वाकत नाही. मधला पाय ८७ए साहेबांना हसत असतो.

आणि विकणारे? नियम गाडीला बसवलेल्या हॉर्नवर बोलतो. फळीवरच्या, खोक्यातल्या हॉर्नबद्दल गप्प. कारवाईचं बोट चालकाकडे आणि मालकाकडे. बसवणारा मिस्त्री, विकणारा दुकानदार, 'रिले व स्विचसह संपूर्ण किट' म्हणून घरपोच पाठवणारा, हे सगळे जणू लांबचे पाहुणे. किटमध्ये पाच पायांचा रिले आणि लपवायचा स्विच घालून देणाऱ्याला काय माहीत नसतं? धंदेबंधूंनो, तुम्हालाही सांगतो, "आम्ही नाही बसवला तर दुसरा बसवेल" हे वाक्य दारूच्या गुत्त्यावरही ऐकायला मिळतं. बसवायचा असेल तर बसवा, पण मग पावती द्या. पावतीवर दुकानाचं नाव, गाडीचा नंबर, आणि काम काय केलं ते स्पष्ट लिहा: पोलिसांना न दिसणारा दुसरा हॉर्न, रिलेसह. एकजण देईल का अशी पावती? काम कायदेशीर आहे म्हणता ना?

आरटीओ आणि वाहतूक शाखेला माझं सांगणं आहे की फुलं बंद करा, रोलर परत द्या. बॉनेट उघडा. बॅटरीच्या प्लसवरून कंपनीनं न दिलेली जाड वायर निघालेली दिसते का बघा. लाल नाहीतर काळी, बहुधा इन्सुलेशन टेपनं कंपनीच्या जुडग्याला बांधलेली असते. तिच्या मागं मागं जा. रिले सापडेल. ८७ वरची वायर कुठं जाते ते बघा, मग ८५ ची, मग डॅशखाली डाव्या-उजव्या कोपऱ्यात बोट फिरवा, स्विच लागेल. कर्णा नसला तरी चालेल. दोन रिले आणि लपवलेला स्विच सापडला की गुन्हा पुरा झाला असं धरा, वायरिंग मुळापासून कापा, कुणी केलं ते नाव मालकाकडून लिहून घ्या आणि त्या दुकानात जा. माझ्या दुकानातही या, मला हरकत नाही. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. ज्या साहेबांना रिलेचा कुठला पाय कुठला ते ओळखता येत नाही त्यांनी कळवावं, मी शिकवायला येतो. टेस्टर माझा मी आणीन.